बोरवडची फाइल

“दार लावून घे,” अत्तरदे सर म्हणाले. मी उठायच्या आत रेगेंनीच ते लावलं, वरची कडी सरकवली आणि आपली खुर्ची ओढून दाराला टेकून बसले.

सरांची केबिन तशी लहानच. तिच्यात सरांचं टेबल, कॉम्प्युटरचं टेबल आणि नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्यांची खोकी. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला सर, पाठीमागे रेगे आणि मध्ये मी. रेगे हे औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्याचे व्यवस्थापक. महिन्यातून एकदा लॅबमध्ये यायचे, सरांशी हसतखेळत बोलायचे, जाताना मला “येतो मॅडम” म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा नको म्हटलं होतं.

“किती वेळ लागेल, मॅडम?” त्यांनी विचारलं.

“कशाला?” मला अजून कोणी काही सांगितलंच नव्हतं.

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला. “ज्योत्स्ना, बोरवडची फाइल बदलायची आहे,” ते म्हणाले. “पाचच्या आत.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. २००७ सालच्या ऑगस्टमधला शुक्रवार.

गावाचं नाव बोरवड नाही. खरं नाव मी लिहीत नाही, तिथे माणसं राहतात. आमची लॅब जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी तपासायची आणि निकाल पुण्याच्या सरकारी ऑफिसच्या सर्व्हरवर पाठवायची. दर शुक्रवारी पाच वाजता तो सर्व्हर सगळ्या लॅबच्या फाइली आपोआप उचलायचा आणि त्यातून जिल्ह्याचा अहवाल बनायचा. पाचनंतर कोणालाही त्यात हात घालता येत नसे.

सर्व्हर जुना होता. चित्रांवर क्लिक करून फाइल जाईल, असला प्रकार तिथे चालायचा नाही. काळा पडदा उघडायचा आणि एकेक आज्ञा टाइप करायची. पुण्याच्या ऑफिसातले चितळकर म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी मला हे सगळं फोनवरून शिकवलं होतं. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही, आवाज मात्र अजून आठवतो. “फाइल नुसती ढकलायची नाही, बाई,” ते म्हणायचे. “आधी सर्व्हरला सांगायचं. कुठल्या फोल्डरात जायचं, फाइल कशी घ्यायची, त्या नावाची जुनी फाइल असेल तर तिचं काय करायचं. प्रत्येक गोष्टीला तो होकार देतो. सगळे होकार आले की मग पाठवायची.”

सगळ्या लॅबमध्ये हे फक्त मला येत होतं. सरांना त्याचं कौतुक होतं. कोणी पाहुणा आला की म्हणायचे, “आमची ज्योत्स्ना पुण्याच्या मशीनशी बोलते.”

बोरवडची फाइल मी मंगळवारीच पाठवली होती. गावाच्या सार्वजनिक विहिरीत क्रोमियम, कारखान्यांच्या सांडपाण्यातून झिरपणारा विषारी धातू, मर्यादेच्या नऊपट निघालं होतं. त्याच विहिरीतून टाकीत पाणी चढायचं आणि टाकीतून गावभर नळाला जायचं. तपासणी इस्माईल तडवींनी केली होती. ते आमचे केमिस्ट, यावलकडचे, कमी बोलणारे. पहिल्यांदा निकाल आला तेव्हा त्यांनी तो मला दाखवलाच नाही. दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं, मग कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “ताई, हे असंच आहे. पाठवा.”

“तडवीभाऊंनी तीनदा तपासलंय, सर,” मी म्हटलं.

“मशीन बिघडलं होतं,” रेगे मागून म्हणाले. “आमच्या मुंबईच्या लॅबचा रिपोर्ट आहे माझ्याकडे. मर्यादेच्या आत आहे सगळं.”

“तडवीभाऊ कुठे आहेत?”

“त्यांना सकाळीच नमुने आणायला पाठवलंय,” सर म्हणाले. “रात्री येतील.”

त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर आकडे लिहिले होते, सरांच्याच अक्षरात. मंगळवारच्या निकालातला एक आकडा सोडला तर बाकी सगळे तेच. मी कागदाकडे बघत राहिले. सर माझ्याकडे बघत नव्हते.

आता माझी तेव्हाची स्थिती सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडून आले होते, मुलीला घेऊन. माहेरी भावाने आठ दिवस ठेवून घेतलं, नवव्या दिवशी वहिनीने माझी पिशवी ओट्यावर आणून ठेवली. अत्तरदे सरांची आणि माझी ओळख नव्हती. कोणीतरी सांगितलं म्हणून मी लॅबमध्ये काम मागायला गेले. त्यांनी काम दिलं आणि कुठे राहतेस विचारलं. मी गप्प राहिले, तेव्हा लॅबच्या मागची खोली साफ करून दिली. मुलीला शाळेत घातलं ते त्यांच्या बायकोने, त्या तिथे मुख्याध्यापिका होत्या. मी रोज उठून ज्या दाराला हात लावायची ते प्रत्येक दार सरांचं होतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्या दिवशीही नाही. त्याची गरजच नव्हती.

“सर, मला हे नको सांगू नका,” मी म्हटलं. वाक्य चुकलं होतं, मला म्हणायचं होतं की हे मला सांगू नका. कोणी हसलं नाही.

“तुझ्याशिवाय कोणाला येतं?” सर म्हणाले.

“चार वाजले,” रेगे म्हणाले. वाजले नव्हते, दहा मिनिटं होती.

मी फाइल उघडली आणि तो एक आकडा बदलला. एक अंक खोडायचा, एक घालायचा. मग काळा पडदा उघडला. सर्व्हरने नाव विचारलं.

तिथे एक गोष्ट होती, ती चितळकरांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. सर्व्हर प्रत्येक आज्ञा लिहून ठेवतो. कोणी दिली, कधी दिली. फाइल पुसता येते, ती नोंद पुसता येत नाही.

“सर,” मी म्हटलं, “मी जे करीन ते माझ्या नावावर लिहिलं जाईल. तुमचं लॉगिन वेगळं आहे. त्याने आत जाऊ का?”

बाहेर बाटल्या धुण्याचा आवाज येत होता.

“मला पासवर्ड आठवत नाही,” ते म्हणाले.

त्यांचा पासवर्ड मीच घातला होता. ते त्यांच्या मुलीचं नाव होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मी माझं नाव टाइप केलं.

आमच्या लॅबच्या फोल्डरात गेले. सर्व्हर हो म्हणाला. फाइल कशी घ्यायची ते सांगितलं. हो म्हणाला. यादी मागितली. बारा फाइली होत्या, सातवी बोरवडची, मंगळवारच्या तारखेची.

रेगे खुर्चीवरून उठून माझ्या मागे उभे राहिले. त्यांच्या शर्टाला कसल्याशा अत्तराचा वास होता. “ही ना?” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “पाठवा मग नवीन.”

“असं जात नाही. त्या नावाची फाइल आधीच आहे, सर्व्हर दुसरी घेणार नाही.”

“मग पुसा ती.”

मी कीबोर्डवर हात ठेवले. पुसण्याची आज्ञा अगदी छोटी असते. एक शब्द आणि फाइलचं नाव. सर्व्हर विचारतसुद्धा नाही की नक्की का म्हणून.

मी दुसरा शब्द टाइप केला. नाव बदलण्याचा. या आज्ञेत एक सोय असते. नव्या नावाच्या आधी दुसऱ्या फोल्डरचा रस्ता लिहिला, तर फाइल तिकडे जाऊन बसते. सर्व्हरवर ‘रीचेक’ नावाचा एक फोल्डर होता. ज्या निकालांबद्दल शंका असेल ते तिथे टाकायचे आणि पुण्याने पुन्हा तपासायला सांगायचं, अशी पद्धत. मी तो रस्ता लिहिला.

“हे काय?” रेगे वाकले. त्यांना इंग्रजी नीट वाचता येत होतं.

“एकदम पुसता येत नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. “आधी बाजूला काढावी लागते. मग तिकडून पाच वाजता आपोआप पुसली जाते.”

“नक्की?”

“यादी दाखवते.”

मी एंटर दाबलं. सर्व्हर हो म्हणाला. यादी मागितली, अकरा फाइली आल्या. बोरवड नव्हती. रेगेंनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. सर पडद्याकडे बघतच नव्हते, ते बंद दाराकडे बघत होते.

मग मी नवीन फाइल पाठवली. तिच्यावर त्या दिवसाची तारीख पडली. रेगेंनी ते लगेच पकडलं. “तारीख मंगळवारची हवी,” ते म्हणाले. तारीख बदलण्याचीही आज्ञा होती. एकदा वीज गेल्यामुळे निकाल उशिरा गेले, तेव्हा चितळकरांनी ती शिकवली होती. मी तीही दिली. सर्व्हर हो म्हणाला.

चार वाजून वीस मिनिटांनी रेगेंनी कडी काढली. जाताना “येतो मॅडम” म्हणाले. सर तसेच बसून राहिले. मी उठले तेव्हा म्हणाले, “घरी जा आज लवकर.” घर म्हणजे मागची खोली. मी भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला गेले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तडवीभाऊ माझ्या टेबलाशी आले.

“बोरवडची फाइल गेली?”

“गेली,” मी म्हटलं.

“कोणती?”

मी रजिस्टर उघडून त्यात बघू लागले. ते थोडा वेळ उभे राहिले, मग आपल्या जागेवर गेले. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. निरोप घ्यायला माझ्याकडे आले नाहीत.

पुढे जे झालं ते लोकांना ठाऊक आहे, आमच्या भागातल्या पेपरांत आलं होतं. मार्चमध्ये पुण्याहून दोन माणसं आली, लॅबला सील लागलं, बोरवडची विहीर बंद झाली आणि गावात टँकर सुरू झाले. पुण्याला तक्रार गेली होती. शोधताना त्यांना सर्व्हरच्या नोंदीत माझं नाव सापडलं आणि त्या नावाच्या मागे मागे जात रीचेक फोल्डरमधली मूळ फाइल सापडली. माझा जबाब घेतला. मी जे झालं ते सांगितलं. दार, कडी, कोण कुठे बसलं होतं. जबाब घेणारा अधिकारी तरुण होता. लिहिता लिहिता थांबून म्हणाला, “तुम्ही ती पुसली असती तर आम्हाला काहीच सापडलं नसतं.” पेपरवाल्यांनी तेच वाक्य छापलं, माझ्या फोटोखाली. अत्तरदे सर नाशिकला मुलीकडे गेले. त्यांनी मला खोली सोड म्हटलं नाही, मीच सोडली. ते कोर्टात एकदा दिसले, फार वाळले होते. मी नमस्कार केला, त्यांनीही केला.

तक्रार तडवीभाऊंनी केली होती. आपल्या वहीची पानं जोडून, आपलं नाव-पत्ता लिहून. पहिली तक्रार डिसेंबरात, तिला उत्तर नाही. दुसरी जानेवारीत. तिसरी घेऊन ते स्वतः पुण्याला गेले आणि दोन दिवस ऑफिसच्या बाकड्यावर बसून राहिले. तोवर त्यांना दुसरीकडे कुठे नोकरी लागलेली नव्हती. हे मला जबाबाच्या वेळी कळलं.

आणि एक गोष्ट त्या अधिकाऱ्याने विचारली नाही, म्हणून मी सांगितली नाही.

रीचेक फोल्डर कोणी उघडत नव्हतं. ते काम बघणारे क्लार्क निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. चितळकरांनीच मला जूनमध्ये सांगितलं होतं, “तिकडे काही टाकू नका हो बाई, ते कोणी बघत नाही.” म्हणजे त्या केबिनमध्ये मी ती फाइल जिथे ठेवली, तिथे ती कोणाला दिसणार नाही हे मला ठाऊक होतं. मी ती पुसली नाही. कोणाच्या हातात पडेल अशी ठेवलीही नाही. त्यानंतर टेबलावरचा फोन रोज माझ्या हाताशी होता, पुण्याचा नंबर पाठ होता. दर आठवड्याला मी चितळकरांशी बोलत होते. कधी त्यांच्या गुडघ्यांबद्दल, कधी त्यांच्या नातवाबद्दल. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. मग मागच्या खोलीत मुलगी पाढे म्हणताना ऐकू यायची आणि मी म्हणायची, फाइल आहे ना तिथे, सुरक्षित आहे. असे सात महिने गेले.

पुढच्या वर्षी बोरवडच्या ग्रामपंचायतीने मला बोलावलं. नदीवरून नवीन पाइपलाइन आली होती, तिचं उद्घाटन आणि माझा सत्कार. मी भाषणात तडवीभाऊंचं नाव घेतलं, त्यांनी काय केलं ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शाल मलाच घातली. मानपत्र वाचून दाखवलं. ‘मार्च महिन्यात ज्योत्स्नाताईंनी धैर्याने सत्य उघडकीस आणले’ असं त्यात होतं.

कार्यक्रम संपल्यावर इंदूबाई सपकाळे म्हणून एक बाई मला चहाला आपल्या घरी घेऊन गेल्या. पन्नाशीच्या असतील. कपाळ मोकळं, घर नीटनेटकं, पुढच्या खोलीत एक खाट. मी शाल खाटेवर ठेवली. त्यांनी चहा दिला आणि समोर जमिनीवर बसल्या.

“आमच्या यांना किडनीचा त्रास होता,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर सांगायचे, पाणी भरपूर पाजा. मी सकाळी चार तांबे भरून उशाशी ठेवायची. संध्याकाळपर्यंत संपलेच पाहिजेत म्हणायची. ते नको म्हणायचे. तुरट लागतं म्हणायचे. मी रागे भरायची त्यांच्यावर.”

मी कप हातात धरून बसले.

“मग ते गेले, आणि मागून विहीर बंद झाली. मला वाटतं, तुम्हाला थोडं आधी समजलं असतं तर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काही संशय नव्हता, खरंच विचारत होत्या. “तुम्हाला कधी समजलं, ताई?”

मार्च म्हणता आलं असतं. मानपत्रात तेच लिहिलं होतं, गावाला तेच माहीत होतं, आणि दार उघडंच होतं. कोणी खुर्ची लावून बसलं नव्हतं.

“त्याच्या आधी,” मी म्हटलं. “आदल्या ऑगस्टमध्ये. नुकताच श्रावण लागला होता.”

इंदूबाईंनी अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला. श्रावण, भाद्रपद, आश्विन. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अंगठा पुढे सरकत गेला आणि सहाव्या पेरावर थांबला.

“पौषात गेले ते,” त्या म्हणाल्या.

बाहेर नळाला पाणी आलं होतं, बायका हंडे लावत होत्या. इंदूबाई उठल्या. खाटेवरची शाल उचलली, कोपऱ्याला कोपरा जुळवून तिची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“सहाची एसटी आहे तुमची,” त्या म्हणाल्या. “उशीर नका करू.”